मुका मार म्हणून सोडलेलं कोपर

इटलीतल्या मिलान शहरात जोव्हान्नी बात्तिस्ता मोंतेज्जा नावाचे एक नामांकित शल्यचिकित्सक होते. पडून हात मोडलेली एक मुलगी त्यांच्याकडे आली. कोपराच्या खालचं, करंगळीच्या बाजूचं हाड मोडलं होतं. त्यांनी ते बसवलं, पट्ट्या बांधल्या आणि महिनाभर वाट पाहिली. पट्ट्या सोडून हात सरळ करून पाहिला, तर कोपराच्या पुढच्या अंगाला एक टणक उंचवटा टुणकन वर आला. मोडलेल्या हाडाच्या शेजारचं, अंगठ्याच्या बाजूचं हाड सांध्यातून निखळलं होतं. दाबलं की आत जायचं, हात सरळ केला की पुन्हा बाहेर. मोंतेज्जांनी ही फजिती झाकून ठेवली नाही. 1814 साली आपल्या शस्त्रक्रियेच्या पाठ्यपुस्तकात त्यांनी ती स्वतःच्या नावावर नोंदवली. आज कोपराच्या या दुखापतीला त्यांचंच नाव आहे. आपल्याकडचे हाडांचे डॉक्टर तिला मॉन्टेजिया म्हणतात.

क्ष-किरणांचा शोध लागला 1895 साली, म्हणजे त्यानंतर एक्क्याऐंशी वर्षांनी. मोंतेज्जांकडे होती ती फक्त बोटं आणि डोळे. नवल वाटतं ते पुढच्या गोष्टीचं: एक्सरे हाताशी असूनही ही दुखापत अजून सुटते. फिल्मवर एक मोड ठसठशीत दिसली की नजरेचं समाधान होतं आणि ती शेजारी जात नाही. पालकांना सांगितलं जातं, एकच हाड मोडलंय, सहा आठवडे प्लास्टर. दुसरं हाड तोवर आपल्या जागेपासून बोटभर दूर बसून असतं.

कोपराच्या नेहमीच्या मोडी डॉक्टरांच्या हाताखालून रोज जातात. पाच-सहा वर्षांचं मूल घसरगुंडीवरून पडतं आणि कोपराच्या जरा वर दंडाचं हाड मोडतं. मोठा माणूस ओल्या फरशीवर हात टेकून पडतो आणि रेडियस या हाडाच्या वरच्या टोकाला भेग जाते. या दुसऱ्या प्रकारात भेग साधी असेल तर गळ्यात झोळी अडकवून चार दिवसांत हात हलवायला सांगतात, आणि बहुतेकांचं निभावतं. क्वचित होणाऱ्या मोडींचं तसं नाही. त्या मोडींवरचे उपाय आज बऱ्यापैकी ठरलेले आहेत. खरी अडचण त्या ओळखण्यात आहे, कारण त्या एक तर एक्सरेत दिसत नाहीत, नाहीतर भलत्याच कशासारख्या दिसतात.

मराठी माणसाला कोपर आठवतं ते ‘कोपरापासून नमस्कार’ करताना किंवा 2004 साली सचिन तेंडुलकरच्या टेनिस एल्बोने घरोघरी काळजी लावली होती तेव्हाचं. टेनिस एल्बो हे स्नायूच्या दोरीचं, म्हणजे कंडरेचं दुखणं. त्यात हाड शाबूत असतं. हाडांचा मामला वेगळा. दंडाचं हाड ह्यूमरस वरून येतं, खालून अल्ना आणि रेडियस येतात, आणि एकाच पिशवीत तीन सांधे होतात. अल्ना ह्यूमरसला बिजागरीसारखी धरते, म्हणून हात वाकतो. रेडियसचं गोल डोकं एका चिवट कड्यात अडकवलेलं असतं आणि तिथल्या तिथे फिरतं, म्हणून किल्ली फिरवता येते, तव्यावरची पोळी उलटता येते. अल्ना आणि रेडियस वर कोपरापाशी, खाली मनगटापाशी आणि मध्ये एका पडद्याने बांधलेली आहेत. काचेच्या बांगडीचा तुकडा पडायचा तर ती दोन ठिकाणी मोडावी लागते. हाताचंही तेच: एक हाड मोडून आखूड झालं किंवा वाकलं, तर दुसऱ्याला कुठेतरी वाट करून द्यावीच लागते.

मॉन्टेजिया ओळखायची युक्ती यातूनच निघाली. एक्सरेवर रेडियसच्या दांड्याच्या मधोमध एक रेघ कल्पायची. ती रेघ पुढे वाढवली की ह्यूमरसच्या टोकावरच्या कॅपिटेलम या गोल गोळीतून गेली पाहिजे. हात वाकवलेला असो, सरळ असो, फोटो समोरून काढलेला असो की बाजूने. रेघ चुकली तर रेडियस निखळलेलं आहे. पेन्सिल आणि पट्टी एवढ्या खर्चाची ही तपासणी. मोंटेव्हिडिओचे खोसे लुइस बाडो यांनी 1967 मध्ये या दुखापतीचे चार प्रकार मांडले: डोकं पुढे जातं, मागे जातं, बाहेरच्या बाजूला जातं, किंवा दोन्ही हाडं मोडतात. मुलांमध्ये बहुधा पुढे जातं. मुलांची आणखी एक गंमत अशी, की त्यांची अल्ना कधी कधी मोडतच नाही, ओल्या फांदीसारखी नुसती वाकते. मग फिल्मवर मोड शोधणाऱ्याला मोड सापडत नाही आणि ‘मुका मार आहे’ असं सांगून मुलाला घरी पाठवलं जातं.

वेळेत कळलं तर मुलांमध्ये उपाय सरळ आहे. भूल देऊन अल्ना सरळ केली की रेडियस बहुतेकदा आपणहून जागेवर जातं. वर प्लास्टर, कधी आतून बारीक रॉड. मोठ्या माणसात प्लेट बसवावी लागते. महिने उलटून गेल्यावर कळलं तर जुळलेली अल्ना पुन्हा कापायची, वाकवून बसवायची आणि फाटलेलं कडं नव्याने तयार करायचं. बेल टॉज या शल्यचिकित्सकांनी 1965 मध्ये दंडाच्या मागच्या स्नायूच्या कंडरेची पट्टी वळवून असं कडं करण्याची रीत सांगितली. पण पहिल्या दिवशी अर्ध्या तासात झालं असतं ते काम आता मोठं ऑपरेशन होतं, आणि हात आधीसारखा फिरेलच याची खात्री कोणी देत नाही.

मुलांच्या कोपराचा एक्सरे वाचणं हे डॉक्टरी शिक्षणातलं एक खास दुखणं आहे. जन्मतः कोपराकडचं ह्यूमरसचं टोक जवळजवळ सगळं कूर्चेचं असतं आणि कूर्चा एक्सरेत दिसत नाही. तिथे फिल्मवर नुसती काळी जागा. वय वाढतं तसे कोपराच्या तिन्ही हाडांच्या कूर्चेत हाडाचे सहा ठिपके एकामागून एक उगवतात. ढोबळ मानाने पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या, नवव्या आणि अकराव्या वर्षी. मुलींमध्ये थोडे आधी. वयं मागेपुढे होतात, क्रम सहसा बदलत नाही. आतल्या बाजूचा उंचवटा पाचव्या वर्षाच्या सुमारास, आणि त्याच्या शेजारचा ट्रॉक्लिया नावाचा ठिपका त्यानंतर, सातव्याच्या आसपास.

आता एक फसवणूक पाहा. आठ-नऊ वर्षांच्या मुलाचं कोपर निखळतं. निखळताना आतल्या उंचवट्याचा तुकडा स्नायूंसकट उपटला जातो. कुणीतरी कोपर बसवतं, आणि तो तुकडा सांध्याच्या फटीत अडकून बसतो. एक्सरेत तिथे एक ठिपका दिसतो आणि तो हुबेहूब ट्रॉक्लियासारखा वाटतो. पाहणारा म्हणतो, सगळं ठीक. क्रम माहीत असलेला मात्र विचारतो, धाकटा घरात हजर आहे, मग थोरला कुठे गेला? ट्रॉक्लिया दिसतोय आणि त्याच्या आधी यायचा तो उंचवटा जागेवर नाही, म्हणजे जो दिसतोय तोच हरवलेला थोरला. असा अडकलेला तुकडा बाहेर काढून स्क्रूने जागेवर बसवावा लागतो, नाहीतर सांधा घासत आणि आखडत जातो.

शंका आली की डॉक्टर दुसऱ्या, धडधाकट हाताचाही एक्सरे मागतात. इथे पालकांच्या कपाळाला आठी पडते: दुखतोय तो हात सोडून चांगल्या हाताचा फोटो कशाला, बिल वाढवायला? बिलाबद्दलचे संशय इतर ठिकाणी खरेही असतील, पण मुलाच्या कोपराबाबत ही मागणी अगदी वाजवी आहे. त्या मुलाच्या त्या वयात कोणते ठिपके कुठे असायला हवेत, हे सांगणारा नकाशा त्याच्याच दुसऱ्या हातात असतो.

तान्ह्या बाळाच्या बाबतीत हा गोंधळ आणखी वाढतो. अवघड बाळंतपणात किंवा हात पिरगाळला गेल्यास ह्यूमरसचं अख्खं कूर्चेचं टोक एका बाजूला सरकतं. एक्सरेत दिसतं ते कोपर निखळल्यासारखं. पण इतक्या लहान वयात कोपर सहसा निखळत नाही. बाळाच्या सांध्याच्या दोऱ्या वाढीच्या कूर्चेपेक्षा मजबूत असतात, त्यामुळे आधी कूर्चाच तुटते. खात्री करायला सोनोग्राफी उपयोगी पडते. आणि बाळंतपण सुखरूप झालेलं असून काही महिन्यांच्या बाळाला अशी मोड असेल, तर डॉक्टरला एक नकोसा प्रश्नही विचारावा लागतो: या बाळाला कुणी इजा तर करत नाही ना?

अशा सगळ्या फसव्या दुखापतींना अमेरिकी बालअस्थितज्ज्ञांनी 2010 मध्ये एक इरसाल नाव दिलं. ‘एक्सरे तर निरुपद्रवी वाटला होता’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं जोडली की ट्रॅश, म्हणजे कचरा, असा शब्द होतो.

कोपराच्या बाहेरच्या बाजूची मोड, जिला लॅटरल कॉन्डाइल म्हणतात, ती मुलांमध्ये तशी दुर्मीळ नाही, पण स्वभावाने याच कुळातली. फिल्मवर दिसतो हाडाचा नखाएवढा पापुद्रा. त्याला चिकटलेला कूर्चेचा मोठा गोळा अदृश्य. तुकडा दोन मिलिमीटरपेक्षा कमी सरकला असेल तर प्लास्टर चालतं, पण दर आठवड्याला पुन्हा फोटो हवा, कारण प्लास्टरच्या आतसुद्धा तो सरकतो. जास्त सरकला असेल तर तारा घालून बसवतात. दुर्लक्ष झालं तर तुकडा जुळतच नाही, हात वाढता वाढता कोपरातून बाहेरच्या बाजूला कलत जातो, आणि कोपराच्या आतल्या अंगाने जाणारी नस वर्षानुवर्षं ताणली जाते. मग पस्तिशीतल्या माणसाच्या करंगळीला आणि अनामिकेला मुंग्या येऊ लागतात, शर्टाची बटणं लावताना बोटं ऐकत नाहीत. तो मानेच्या मणक्याचे फोटो काढत फिरतो. मूळ असतं सहाव्या वर्षी जांभळीच्या झाडावरून पडण्यात.

प्रौढांच्या कोपराला एक दुखापत अशी होते की तिचं नावच ‘भयंकर त्रिकूट’ आहे. अमेरिकी शल्यचिकित्सक रॉबर्ट हॉचकिस यांनी 1996 मध्ये ते दिलं. हातावर पडल्यावर कोपर मागे निखळतं, जाता जाता रेडियसचं डोकं फुटतं आणि अल्नाच्या पुढच्या चोचीचा, कोरोनॉइडचा, तुकडा उडतो. ही चोच फार मोठी नसते, पण कोपराला मागे घसरण्यापासून अडवणारी तीच. दाराला लावलेल्या पाचरीसारखी. अपघात विभागात कोपर बसवलं जातं, नंतरच्या एक्सरेत चोचीचा कपचा दिसतो आणि ‘बारीकसा तुकडा आहे, जुळेल’ म्हणून सोडला जातो. आठवड्याने प्लास्टरच्या आतच सांधा पुन्हा घसरलेला असतो. अशा प्रत्येक कोपराचं सीटी स्कॅन करावं असं आता मानलं जातं, कारण साध्या फोटोत तीन हाडं एकमेकांवर चढून दिसतात आणि कोणता कपचा कुणाचा ते कळत नाही.

भयंकर हे विशेषण जुन्या निकालांमुळे चिकटलं. त्या काळी फुटलेलं डोकं काढून टाकण्याची रीत सर्रास होती. इतर काही दुखापतींत ते निभावून जातं. त्रिकुटात डोकं काढणं म्हणजे उरलासुरला टेकू काढून घेणं. आताची पद्धत आतून बाहेर येते. आधी चोच बसवायची, मग डोक्याचे तुकडे स्क्रूने जोडायचे, जुळण्यासारखे नसतील तर धातूचं डोकं घालायचं, आणि शेवटी बाहेरच्या बाजूची फाटलेली दोरी हाडाला परत शिवायची. एवढं नीट झालं की हात लवकर हलवता येतो.

डोकं काढून टाकण्याचा धोका आणखी एका माणसाने दाखवून दिला होता. पीटर एसेक्स-लोप्रेस्टी हे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश छत्रीसैनिकांबरोबर काम केलेले शल्यचिकित्सक. छत्रीने उतरताना होणाऱ्या दुखापतींचा त्यांनी अभ्यास केला होता. 1951 मध्ये बर्मिंगहॅममधून त्यांनी दोन रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. रेडियसचं डोकं फुटलं होतं, पण मार तिथेच थांबला नव्हता. दोन हाडांमधला पडदा उभा फाटला होता आणि खाली मनगटाचा सांधाही सैल झाला होता. अशा हातातलं डोकं काढलं तर रेडियस वर सरकतं आणि मनगट कायमचं दुखत राहतं. पस्तिशीतच, त्याच वर्षी, एसेक्स-लोप्रेस्टी वारले. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी ही दुखापत आजही उशिरा कळते, कारण रुग्ण कोपर दाखवतो आणि डॉक्टर कोपरच पाहतो. कोपर धरून आलेल्या माणसाचं मनगटही दाबून पाहायचं, एवढीच खरं तर सावधगिरी.

कॅपिटेलमची मोडही अशीच लपते. त्या गोळीचा पुढचा अर्धा भाग नारळाच्या भकलासारखा उभा कापला जातो आणि वर सरकतो. समोरून काढलेल्या फोटोत सगळं जागच्या जागी वाटतं. बाजूच्या फोटोत मात्र एका कमानीऐवजी दोन कमानी दिसल्या तर तुकडा शेजारच्या ट्रॉक्लियालाही घेऊन गेलेला असतो. कॅनडाचे मायकेल मॅकी यांनी 1996 मध्ये या प्रकाराकडे लक्ष वेधलं. त्यासाठी बिनडोक्याचे स्क्रू वापरतात, कूर्चेच्या खाली पूर्ण बुडणारे, म्हणजे सांधा त्यांच्यावर घासत नाही. आणि पंजा लढवताना ताडकन आवाज येऊन दंडाचं हाड कोपराच्या वर पिळून मोडतं, हेही हाडांच्या डॉक्टरांना चांगलं ठाऊक असतं. अशा वेळी मनगट वर उचलता येतं का ते आधी पाहतात, कारण मनगट उचलणारी नस तिथे हाडाला लगटून जाते.

काही मोडी मात्र काहीच लपवत नाहीत. एसटीत खिडकीबाहेर हात काढू नका ही सूचना सगळ्यांनी वाचलेली असते आणि उकाड्याच्या दिवसांत कुणी पाळत नाही. आपल्याकडे गाड्या डावीकडून चालतात, त्यामुळे समोरून येणारा ट्रक उजव्या खिडक्यांना घासून जातो, आणि उजव्या खिडकीवर टेकलेलं असतं उजवं कोपर, बहुतेकांचा कामाचा हात. ड्रायव्हरही त्याच बाजूला. या ‘साइडस्वाइप’ मारात तिन्ही हाडांचा चुरा, कातडी सोललेली, नसा आणि रक्तवाहिन्या उघड्या अशी अवस्था होते. आधी जखम धुणं, बाहेरून सळ्यांचा सांगाडा लावून हात स्थिर करणं, मग टप्प्याटप्प्याने हाडं आणि कातडी. कधी कधी हात वाचतच नाही.

मग साध्या माणसाने मुका मार आणि मोड यांत फरक करायचा कसा? याचं एक सोपं उत्तर इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागातल्या पाच रुग्णालयांतून 2008 मध्ये आलं. कोपराला मार लागलेल्या 1,740 मुलामोठ्यांना एकच गोष्ट करायला सांगितली: हात पूर्ण सरळ करा. 602 जणांना तो करता आला, त्यांच्यापैकी फक्त 17 जणांत मोड निघाली. ज्यांना सरळ करता आला नाही त्यांच्यात मात्र जवळपास निम्म्यांचं हाड मोडलेलं होतं. म्हणजे हात सरळ होत नसेल तर एक्सरे हवाच. होत असेल आणि आठवड्याभरात दुखणं उतरलं नाही, तरी पुन्हा दाखवायला हवं, कारण ते 17 जणही होतेच.

एक्सरेत मोड दिसत नसताना तिचा सुगावा देणारी आणखी एक खूण आहे. कोपराच्या सांध्यापाशी चरबीच्या दोन गाद्या असतात. आत रक्त साचलं की त्या ढकलल्या जातात आणि मागची गादी, जी एरवी दिसत नाही, ती काळ्या छटेसारखी फिल्मवर उमटते. 1999 मधल्या एका अभ्यासात अशी छटा दिसलेली, पण मोड न दिसलेली 45 मुलं घेतली. तीन आठवड्यांनी पुन्हा फोटो काढले तेव्हा 34 मुलांत जुळत आलेल्या मोडीच्या खुणा होत्या.

आता उपचारानंतरचं, जे महाराष्ट्रात वेगळं सांगावं लागतं. कोपर फार लवकर आखडतं. मोठ्या माणसाचं कोपर दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त काळ बांधून ठेवलं की ते पुन्हा पुरतं उघडणं कठीण, म्हणून ऑपरेशनचा एक हेतूच हा असतो की हात लवकर हलवता यावा. हलवायचा रुग्णाने स्वतः, आपल्या स्नायूंच्या जोरावर. इथे हाडवैद्य येतो, किंवा हात ‘मोकळा’ करून देणारे घरातलेच कुणी. गरम तेल, जोरात चोळणं, धरून ओढणं. मऊ लागलं म्हणून कोपराने खणू नये हे सगळ्यांना माहीत. सुजलेलं कोपर मऊ लागलं म्हणून त्यालाच खणणारे मात्र गल्लोगल्ली भेटतात. अशा चोळण्याने कोपराच्या पुढच्या स्नायूत नवं हाड तयार होऊ लागतं. महिनाभर मालिश केलेलं कोपर मग काटकोनात थिजतं आणि ते अनाठायी हाड पिकेपर्यंत थांबून कापून काढावं लागतं.

कामट्या करकचून बांधणं तर त्याहून वाईट. जर्मन शल्यचिकित्सक रिचर्ड फॉन फोल्कमान यांनी 1881 मध्येच लिहिलं होतं, की आवळलेल्या पट्ट्यांखाली स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो, ते मरतात आणि बोटं आकडी झाल्यासारखी कायमची वळतात. प्लास्टर किंवा पट्टी बांधल्यावर दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेलं, दुसऱ्याने बोटं सरळ केली की मूल किंचाळलं, तर रात्र असली तरी सकाळची वाट पाहायची नाही.

कोपर किती उघडलं म्हणजे पुरे, याचंही मोजमाप झालेलं आहे. मेयो क्लिनिकच्या बर्नार्ड मॉरी यांनी 1981 मध्ये माणसांना जेवायला, पाणी ओतायला, खुर्चीतून उठायला लावून कोन मोजले आणि सांगितलं, की 30 ते 130 अंशांत रोजची बहुतेक कामं होतात. कितीतरी वर्षं फिजिओथेरपिस्ट रुग्णांना तोच आकडा गाठायला सांगत आले. 2011 मध्ये पुन्हा मोजणी झाली, या वेळी मोबाइल आणि कीबोर्ड घेऊन. मोबाइल कानाला लावायला 130 अंश पुरेनात. आता कोपराच्या ऑपरेशननंतर व्यायाम करणाऱ्या रुग्णाला घास तोंडापर्यंत आधी पोचतो, फोन कानापर्यंत पोचायला आणखी काही आठवडे लागतात. तोवर स्पीकर चालू करून घरभर ऐकू जाईल असं बोलायचं.